दिवसाढवळ्या मांडलेला हिशेब

शंभर पानी वही. पुढून उघडली की आंब्याच्या पेट्यांचा हिशेब, उलटी करून मागून उघडली की मुलींचा. गेल्या पावसाळ्यात बावीस-तेवीस वर्षांच्या एका मुलाने ती आमच्या केंद्रात माझ्या टेबलावर आणून ठेवली. स्वतःची बाजू सिद्ध करायला त्याने ती आणली होती. "मॅडम, मी तिच्या एकटीच्या मागे नाय होतंय. बघा, एकेचाळीस जणी आसत." एकीच्या मागे लागलो असतो तर गुन्हा, सगळ्यांनाच विचारलं म्हणजे नुसता व्यवहार, असा त्याचा युक्तिवाद होता आणि तो अगदी मनापासून केलेला होता. सोबत आलेला त्याचा मामा मात्र ती वही बघून खाली मान घालून बसला.

तक्रार घेऊन आली होती ती एका बारावीतल्या मुलीची आई. काजूच्या कारखान्यात कामाला जाणारी. तक्रार म्हणण्यापेक्षा ती निर्णय सांगायला आली होती. "बाई, बारावी पुरी होयसर धाडूचा म्हटला होता. पण आता नको. उद्या काय इपरीत झाला तर लोक माकाच बोलतले." देवगडच्या एस.टी. स्टँडवर एक मुलगा रोज येऊन काहीतरी विचारतो. एकदा वेळ विचारली, एकदा बस कुठली ते विचारलं, मग नाव विचारलं, मग काल नाव का नाही सांगितलंस ते विचारलं. अंगाला हात लावला नाही, शिवी दिली नाही. पण पंधरवड्यात मुलीच्या भावाने तिचा मोबाईल काढून घेतला आणि आईने कॉलेज बंद केलं.

मी वही वाचली. तारीख, वेळ, जागा, 'काय बोललो', 'निकाल' असे रकाने आखलेले. पहिली नोंद महाशिवरात्रीची, कुणकेश्वरच्या जत्रेतली. मग स्टँड, कॉलेजचा रस्ता, जामसंड्याचा बाजार, एक मेडिकलचं दुकान. एकूण ४१. नकार ३४, 'परत बघू' २, नंबर मिळाले ५; त्यांतले तीन चुकीचे निघाले, हेही त्याने इमानेइतबारे लिहून ठेवलं होतं. त्याखाली टक्केवारी काढलेली. आणि शेवटच्या पानावर नियम, मोबाईलवरच्या कुठल्या तरी 'गुरूं'च्या व्हिडिओंतून उतरवून घेतलेले. नकार म्हणजे फी समजा. एकाच कंपनीत सगळे पैसे घालू नका. मोठं मागण्याआधी छोटं मागा. बस सुटायला पाच मिनिटं असताना बोला, म्हणजे वेळेची टंचाई तयार होते. तोटा शून्य, फायदा अमर्याद. आणि एक नियम दोनदा अधोरेखित केलेला: दिवसा भेटा, दिवसा मुली सावध नसतात.

मैत्रिणींनो, या शेवटच्या नियमापाशी मी बराच वेळ थांबले. छेडछाडीबद्दल आपण कितीतरी लिहिलं, बोललो. 'छेडछाड' हा शब्दच कसा फसवा, लाडिक आहे, हेही ऐंशीच्या दशकापासून सांगत आलो. पण शिट्ट्या मारणारा, धक्का देणारा, चौकात टोळक्याने उभा राहणारा जो पुरुष आपल्या डोळ्यांसमोर होता, तो हा नव्हे. हा मुलगा स्वच्छ कपडे घालून, केस विंचरून, नम्रपणे बोलतो. त्याच्या हाती मानसशास्त्र आहे, अर्थशास्त्र आहे. आपण काही शास्त्रीय करतो आहोत असं त्याला वाटतं. म्हणून त्याला नुसतं 'वाया गेलेला' म्हणून सोडून देणं मला पटत नाही. त्याच्या शास्त्राशीच एकदा बोलायला हवं.

आधी मानसशास्त्र. 'मोठं मागण्याआधी छोटं मागा' हे त्या गुरूंच्या डोक्यातून आलेलं नाही. १९६६ साली फ्रीडमन आणि फ्रेझर या दोन संशोधकांनी कॅलिफोर्नियात एक प्रयोग केला. भरदिवसा घरी असलेल्या गृहिणींना फोन करून, तुम्ही कुठला साबण वापरता असे दोन-चार साधे प्रश्न विचारले. तीन दिवसांनी पुन्हा फोन: आमची पाच-सहा माणसं तुमच्या घरी येतील, दोन तास तुमची कपाटं, फडताळं उघडून वस्तूंची यादी करतील, चालेल का? ज्यांना आधी साबणाचं विचारलं होतं त्यांच्यापैकी निम्म्याहून जास्त बायका हो म्हणाल्या. ज्यांना थेट दुसरीच गोष्ट विचारली त्यांच्यात हे प्रमाण सुमारे बावीस टक्के होतं. एम.एस.डब्ल्यू. करताना हा प्रयोग मी परीक्षेसाठी पाठ केला होता. तेव्हा माझ्या मनात आलं नव्हतं की दारात पाय रोवायचं हे शास्त्र बायकांच्याच दारात सिद्ध झालेलं आहे, आणि तेही नवरे कामावर गेलेले असतानाच्या वेळी. साबण विकणाऱ्यांना ते आधीपासून माहीत असावं. आपल्याकडे गटाच्या कर्जाच्या हप्त्याला येणारे साहेबही दुपारच्याच वेळी येतात, आणि आधी पाणी मागतात.

हा प्रयोग जे सांगतो ते खरं आहे. पण ते काय सांगतो? बाईला एकदा सभ्यपणे वागायला लावलं की तिला असभ्य होणं जड जातं, एवढंच. त्यात तिची इच्छा कुठेच मोजलेली नाही. स्टँडवरच्या त्या मुलीने वेळ सांगितली, कारण कोणी वेळ विचारली तर सांगायची असते असं आपण तिला शिकवलं. वहीत त्याची नोंद काय? 'पॉझिटिव्ह. उद्या पुढची पायरी.'

१९८२ साली अँटोनिया अॅबे या अमेरिकन संशोधिकेने अनोळखी मुलगा-मुलगी जोड्यांना पाच मिनिटं गप्पा मारायला बसवलं, आणि दुसरा एक मुलगा आणि एक मुलगी लपून त्यांना बघत होते. नंतर सगळ्यांना विचारलं, ती मुलगी कशी वागली? मुलींना जे वागणं नुसतं मोकळं, मनमिळाऊ वाटलं, त्यात मुलग्यांना आमंत्रण दिसलं. गप्पा मारणाऱ्यांनाही आणि लपून बघणाऱ्यांनाही. हे संशोधन त्या गुरूंच्या व्हिडिओत का बरं नसतं? वहीतली मेडिकलच्या दुकानातली नोंद बघा. 'हसली. सुट्टे पैसे हातात दिले. चान्स आहे.' काउंटरच्या मागे उभ्या असलेल्या मुलीला गिऱ्हाइकाकडे बघून हसण्याचा पगार मिळतो, हे त्याच्या लक्षात आलेलं नाही.

फ्लोरिडातला एक प्रयोग तर ही मंडळी फार आवडीने सांगतात. १९७८ आणि १९८२ अशा दोन वेळा विद्यापीठाच्या आवारात अनोळखी मुलांनी मुलींना विचारलं: संध्याकाळी फिरायला येतेस? सुमारे निम्म्या हो म्हणाल्या. म्हणजे बघा, विचारायचाच अवकाश! पण त्याच प्रयोगात 'माझ्या खोलीवर येतेस?' असं विचारल्यावर पहिल्या वेळी शंभरात सहा आणि दुसऱ्या वेळी एकही मुलगी हो म्हणाली नाही, हे सांगायचं राहून जातं. आणि दुसरं म्हणजे ते विद्यापीठ. तिथे नाही म्हणून चालू लागलेली मुलगी पुढच्या वळणावर गर्दीत मिसळते. देवगडात ती कुठे मिसळणार? तिची बस ठरलेली, थांबा ठरलेला, वाडी ठरलेली. स्टँडवर चहावाल्यापासून कंडक्टरपर्यंत सगळ्यांना ती कोणाची कोण हे ठाऊक. तिने हो म्हटलं तरी गावभर आणि नाही म्हटलं तरी गावभर. 'बस सुटायला पाच मिनिटं असताना बोला' यातली खरी गोम टंचाईत नाही. तेवढी पाच मिनिटं तिला जागा सोडता येत नाही. बस चुकली तर पुढची कधी, हे इथे राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको.

आता अर्थशास्त्र. इथे मला एका मासेविक्री करणाऱ्या बाईंनी जे शिकवलं ते कुठल्या पुस्तकात मिळालं नव्हतं. आमच्या एका बचतगटाच्या बैठकीत मी वहीचा विषय काढला. नावं अर्थातच सांगितली नाहीत. 'बाजार', 'गुंतवणूक', 'परतावा' हे शब्द ऐकून बायका आधी खूप हसल्या. मग त्या म्हणाल्या, "मी बाजारात बसतंय तेव्हा दर इचार. रस्त्यान जातंय तेव्हा कशाक इचारतंस? तेव्हा मी विकूक बसलंय काय?" बाजाराची पहिली अट हीच की तिथे दोन्ही बाजू आपापल्या मर्जीने आलेल्या असतात. स्टँडवर उभी असलेली मुलगी बसची वाट बघते आहे. तिने कुठलाच माल मांडलेला नाही.

आणि 'तोटा शून्य, फायदा अमर्याद' हे वाक्य तर मुळातच लबाड आहे. शेअर बाजारात ऑप्शन नावाचा प्रकार असतो, त्यावरून हे उचललेलं. ऑप्शन घेणारा थोडा प्रीमियम भरतो. अंदाज चुकला तर तेवढाच तोटा, बरोबर आला तर मोठा फायदा. पण ही सोय आभाळातून पडत नाही. समोर कोणीतरी प्रीमियम घेऊन, समजून उमजून ती जोखीम पत्करलेली असते. या वहीतल्या व्यवहारात जोखीम कोणी पत्करली? त्या मुलीने. तिला कोणी विचारलं होतं? तिला प्रीमियम काय मिळाला?

देवगडच्या माणसाला हे कळायला खरं तर अवघड नाही. कलमं आपली, फवारणी आपली, खत आपलं, राखणदाराचा पगार आपला. पेटी वाशीला जाते. मोहोर जळला, अवकाळी आला, भाव पडला, तर तोटा बागायतदाराचा. अडत्याची अडत मात्र विकल्या गेलेल्या प्रत्येक पेटीवर कापली जातेच. यावरून आपल्याकडे पारावर, एस.टी.त, लग्नाच्या पंगतीत लोक तावातावाने बोलतात. हाच मुलगा मला सांगत होता की त्याच्या घरच्या पेट्यांना गेल्या हंगामात कसा दर पाडून दिला गेला. मी त्याला म्हटलं, वहीची ही बाजू वाच आणि मग ती बाजू वाच. इकडे तू बागायतदार आहेस, तिकडे तू कोण आहेस? तो काही बोलला नाही. त्याला पटलं असं मी म्हणणार नाही. पण वही मात्र त्याने दोनदा उलटीसुलटी केली.

तिच्या बाजूचा खर्च त्याच्या वहीत कुठेच नव्हता, म्हणून मी तो एका कागदावर मांडला. कॉलेजचे बुडालेले दिवस एकोणीस. मोबाईल गेला, म्हणजे कॉलेजच्या सूचना आणि मैत्रिणी दोन्ही गेल्या. पुढे आई तिला स्टँडपर्यंत सोडायला जाऊ लागली तेव्हा कारखान्यात उशीर, अर्ध्या दिवसाचा खाडा. भावाशी भांडण. शेजारणीचा प्रश्न, "काय गो, चेडू घरीच दिसता?" आणि एका मावशीने आणलेलं स्थळ. वय वर्षं सतरा. मार्च २०२३ पासून महिला सन्मान योजनेत बायकांना एस.टी.चं तिकीट निम्मं झालं, त्याचा केवढा आनंद आपण केला! सरकार तिकीट अर्ध्यावर आणतं आणि स्टँडवरचं एक 'शास्त्र' त्याच प्रवासाची किंमत अशी वाढवून ठेवतं.

त्या आईला कोणी मागासलेली म्हणू नये. काहनेमन आणि ट्वर्स्की यांनी १९७९ साली मांडलं की माणसाला मिळकतीच्या आनंदापेक्षा तेवढ्याच नुकसानीची झळ जास्त लागते. मोबाईलवरचे गुरू हा सिद्धांत मुलांना नकाराची भीती घालवण्यासाठी शिकवतात. मला तो त्या आईत दिसला. एका पारड्यात बारावीचा निकाल, दुसऱ्यात लेकीचा जीव. ती कशाला धोका पत्करील? तिने पेपर वाचलेले असतात. उल्हासनगरला १९९० साली रिंकू पाटीलला दहावीच्या परीक्षेच्या वर्गात, सगळ्यांदेखत जाळलं. हिंगणघाटला फेब्रुवारी २०२० मध्ये सकाळी कॉलेजात शिकवायला निघालेल्या प्राध्यापिकेवर पेट्रोल टाकलं, आठवड्याभरात ती गेली. पुण्यात सदाशिव पेठेत जून २०२३ मध्ये एका मुलीवर भररस्त्यात कोयता उगारला गेला. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुलं धावून आली म्हणून ती वाचली. या तिन्ही घटना दिवसाढवळ्या घडल्या. तिन्ही ठिकाणी आधी कोणीतरी कोणाच्या तरी मागे लागलेलं होतं आणि नकार ऐकून थांबलेलं नव्हतं. हा मुलगा तसा आहे असं मी मुळीच म्हणत नाही. पण तो तसा नाही, हे स्टँडवर उभ्या असलेल्या मुलीने कसं ओळखायचं? त्याच्या कपाळावर काही लिहिलेलं नसतं. 'नकार म्हणजे फी, पुन्हा प्रयत्न करा' असं शिकवून त्या गुरूंनी चांगला मुलगा आणि धोक्याचा मुलगा यांच्यातली एकमेव दिसणारी खूणच पुसून टाकली आहे.

कायद्याचंही सांगायला हवं, कारण मामाचा पहिला प्रश्न तोच होता. न्यायमूर्ती वर्मा समितीनंतर २०१३ साली दंडविधानात पाठलागाचं कलम आलं, ३५४-ड. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय न्याय संहितेचं कलम ७८ आहे. बाईने नको असल्याचं स्पष्ट दाखवल्यावरही पुन्हा पुन्हा तिच्याशी जवळीक साधायला संपर्क करणं किंवा तसा प्रयत्न करणं हा गुन्हा आहे. पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत, पुन्हा केल्यास पाच वर्षांपर्यंत कैद. मुलगी अठराच्या आतली असेल तर लैंगिक हेतूने सतत मागे लागण्यासाठी २०१२ चा पॉक्सो कायदाही आहे. म्हणजे जिला तो मुलगा 'चिकाटी' म्हणतो, तिला कायदा कलमाने ओळखतो. त्याच्या वहीत त्या मुलीच्या नावावर सहा नोंदी आहेत. दुसऱ्याच नोंदीत त्याने स्वतःच्या अक्षरात लिहिलं आहे: 'तोंड फिरवलं.' पुरावा म्हणून यापेक्षा जास्त काय हवं?

असो. इतकं लिहून मी थांबले असते तर लेख सोपा झाला असता. पण त्या मुलाने जाता जाता विचारलं, "मगे बोलूचाच नाय काय कोणाशी?" आणि हा प्रश्न मला टाळता येत नाही.

कारण त्याच्यापुढे आपण दुसरं काय ठेवलं आहे? घरात मोठी माणसं लग्न जुळवतात तेव्हा भाषा बाजाराचीच असते. मुलगी बघायला येतात तीही भरदिवसा, पोहे खातात, पगार, बाग, मुंबईची खोली, रंग, उंची यांचा हिशेब होतो. १९६१ च्या कायद्याने हुंडा बंद झाला म्हणतात. त्याची नावं किती बदलली ते आपण जाणतो. गॅरी बेकर या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७३ साली लग्नाचा बाजार म्हणून सिद्धांत मांडला आणि पुढे त्याला नोबेलही मिळालं. आपल्या आज्यांना तो शिकवायची गरज नव्हती. मुलग्यांना आपण सातवी-आठवीपासून मुलींपासून वेगळ्या बाकावर बसवलं, मुलीशी बोलला म्हणून चिडवलं, आणि विसाव्या वर्षी त्यांनी तिच्याशी माणसासारखं बोलावं अशी अपेक्षा धरली. ते जाऊन मोबाईलमधल्या गुरूला विचारतात, कारण दुसरं कोणी उत्तर देत नाही. तो गुरू अर्थातच कोर्स विकत असतो. शेअर बाजाराचे गुरूही असेच. सेबीने २०२४ मध्ये जाहीर केलं की आधीच्या तीन वर्षांत वायदे आणि ऑप्शनमध्ये व्यवहार करणाऱ्या एक कोटीहून जास्त साध्या गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले. शिकवणाऱ्यांचा धंदा मात्र जोरात चालला. परदेशात या 'मुली पटवण्याच्या' शिकवण्यांचं पीक तीसेक वर्षांचं आहे. त्यांतल्या ज्युलियन ब्लँक नावाच्या एका शिक्षकाचा व्हिसा ऑस्ट्रेलियाने २०१४ साली रद्द केला, ब्रिटननेही त्याला प्रवेश नाकारला. आपल्याकडे तो माल मोबाईलवर फुकट आणि हिंदीत येतो.

आमच्या गटातही यावर वाद झाला. काही जणी म्हणाल्या, स्टँडवर पोलिसांचं पथक उभं करा, मुलगा-मुलगी बोलताना दिसली की घरी कळवा. मी याच्या पूर्ण विरोधात आहे. घरी कळवलं की कॉलेज बंद होतं ते मुलीचं. उत्तर प्रदेशात २०१७ साली अशी पथकं निघाली तेव्हा आपापल्या मर्जीने बोलत बसलेली जोडपीही त्यांच्या तावडीत सापडली. पाठलागाच्या तक्रारीला पोलिसांनी तातडीने यावं, आणि न बोलावता कोणाच्या मैत्रीत येऊ नये, एवढंच मला हवं आहे.

आणि मला मुलामुलींनी बोलायला हवं आहे. अगदी प्रेमातही पडायला हवं आहे. जातीबाहेर पडलं तर फारच बरं. गणिताचीच एक गोष्ट सांगते. १९६२ साली गेल आणि शॅपली यांनी जोड्या जुळवण्याची एक रीत सिद्ध केली. तिच्यात एक बाजू विचारते, दुसरी फक्त हो किंवा नाही म्हणते. सिद्ध काय झालं, तर त्या रीतीत जे विचारतात त्यांना शक्य तेवढं चांगलं मिळतं, आणि जे नुसती वाट बघतात त्यांच्या वाट्याला, टिकतील अशा जोड्यांपैकी सगळ्यांत कमी आवडीची येते. हे वाचून मी मनाशी हसले. मुलग्यांना 'विचारा, विचारा' शिकवणारे शेकडो आहेत. आपल्या मुलींना विचारायला कोणी शिकवलं? स्टँडवर एखाद्या मुलीने मुलाला त्याचं नाव विचारलं तर गाव तिला काय म्हणेल ते मी इथे लिहीत नाही.

त्या मुलाला मी जे सांगितलं ते फार थोडं होतं. जिथून तिला उठून जाता येत नाही तिथे विचारू नकोस. बसची रांग, दुकानाचं काउंटर, दवाखान्याचं बाकडं. जिच्याशी आधी काही कामाच्या निमित्ताने, चार माणसांत बोलणं झालेलं आहे तिच्याशीच बोल. पहिलं 'नाही' हेच शेवटचं, आणि गप्प बसणं, तोंड फिरवणं, चुकीचा नंबर देणं हीसुद्धा 'नाही'ची रूपं. तो म्हणाला, अशी कामाची निमित्तं देवगडात कुठे आहेत? याचं चांगलं उत्तर माझ्याकडे नव्हतं. वाचनालय संध्याकाळी म्हाताऱ्यांचं. मैदान मुलग्यांचं. देवळाचा सभामंडप जातींचा आणि मानकऱ्यांचा. दशावताराच्या नाटकाला मुली आईसोबत येतात आणि आईसोबत जातात. आम्ही पुढच्या सुट्टीत मुलामुलींचं एकत्र शिबिर घ्यायचं ठरवलं आहे, किनारा सफाई आणि बागेतल्या हिशेबाचं शिक्षण अशा निमित्ताने. पालक मुलींना पाठवतील की नाही, शंका आहे.

'दिवसा मुली सावध नसतात.' हे वाक्य अजून डोक्यातून जात नाही. आपल्या मुलींकडे दिवसाशिवाय आहे काय? रात्र त्यांची नाहीच. 'दिवे लागायच्या आत घरात' या बोलीवर त्यांना सकाळची बस मिळालेली आहे. सावित्रीबाई पुण्याच्या रस्त्याने शाळेत शिकवायला जात त्याही भरदिवसाच, आणि अंगावर शेण आलं तेही भरदिवसाच. तेव्हापासून आजवर दिवसाचा एकेक तास बायकांनी भांडून मिळवला. स्टँडवर आपल्याच तंद्रीत उभं राहायचं, मैत्रिणीशी हसायचं, पोर्शन किती झाला ते बोलायचं, कोणी वेळ विचारली तर सांगायची. ही बेसावध राहण्याची चैन त्यांना त्या थोड्या तासांत मिळते. कोणीतरी त्याच तासांना 'संधी' म्हणून अधोरेखित करून ठेवलं आहे.

मुलीला मी विचारलं, तुला काय हवंय? पोलिसात जायचंय? त्याने माफी मागायला हवी आहे? ती पटकन म्हणाली, "तो कोण, काय, माका कायएक जाणून घेवचा नाय. माका माझी बस होयी." पोलिसात जायचं नाही हे तिचं आणि आईचं ठरलं. वेळ आली तर जायची तयारी आहे, हे मी मुलाला मामासमोर सांगितलं आणि त्याच्याकडून तसं लिहूनही घेतलं. विसाव्या दिवशी ती पुन्हा कॉलेजला गेली. पहिला महिना आई स्टँडपर्यंत यायची. मोबाईल अजून भावाकडेच आहे. त्याच्याशी माझी दोन बोलणी झाली, तिसरं बाकी आहे. मावशीचं स्थळ सध्या थांबलं आहे.

वही आमच्या कपाटात ठेवून घेतली होती. दिवाळीच्या आधी तो मुलगा एकदा येऊन दारात उभा राहिला. पेट्यांचा हिशेब त्याच वहीत आहे, अडत्याकडचे पैसे यायचे आहेत, पुढची पानं मिळतील का, असं विचारत होता. मी शिवण उसवून पुढची पानं त्याला दिली. मागची पानं माझ्याकडेच आहेत.